धाता संवत्सराचा ताप आणि डॉ. व्हॅनडाइक कार्टर

(१)

शके १७९८ हें धाता नाम संवत्सर. ‘धाता’ म्हणजे धारण करणारा, पोसणारा. ज्या वर्षास हें नांव आलें त्याच वर्षीं दक्षिणेंत पर्जन्यानें पाठ फिरविली, आणि पोसणाऱ्याच्या नांवाचें वर्ष उपासमारीचें वर्ष होऊन बसलें. इ. स. १८७६ ते १८७८ या काळांतील या दुष्काळाचा इतिहास महाराष्ट्रास अपरिचित नाहीं. पुण्याच्या सार्वजनिक सभेनें गांवोगांवची माहिती मिळवून सरकारकडे धाडलेलीं निवेदनें, सर रिचर्ड टेंपल यांनीं १८७७ च्या जानेवारींत दुष्काळी कामावरील मजुरास दिवसाचें एक पौंड धान्य व वर एक आणा पुरेसा ठरविल्यामुळें उसळलेला असंतोष, हजारों मजुरांनीं कामें सोडून दिल्याची हकीकत, या सर्व गोष्टी अभ्यासकांनीं पुष्कळ वेळां चर्चिल्या आहेत. एकंदर ब्रिटिश मुलखांत या दुष्काळांत सुमारें ५५ लाख माणसें दगावलीं असा अंदाज सामान्यतः दिला जातो.

परंतु हीं माणसें नेमकीं कशानें मेलीं? त्या काळच्या सरकारी मृत्युपत्रकांत पटकी, देवी, ताप, पोटाचे विकार, अपघात व इतर कारणें असे रकाने असत. ‘भूक’ असा रकाना नसे. उपाशी मनुष्य मेला म्हणजे त्याची गणना बहुधा ‘ताप’ या रकान्यांत होई. यावरून दोन पक्ष उत्पन्न झाले आहेत. एक पक्ष म्हणतो कीं, माणसें भुकेनें मेलीं आणि ताप हें सरकारनें भुकेवर घातलेलें पांघरूण होय. दुसरा म्हणतो कीं, ताप हा रोग आहे, रोगाचें कारण रोगबीज, आणि रोगबीजाचा दोष राज्यकर्त्यांच्या माथीं मारतां येत नाहीं. या वादांत दोन्ही पक्षांनीं ज्यास साक्षीस बोलावावयास हवें होतें असा एक मनुष्य त्या वर्षीं मुंबईंत होता. त्यानें तो ताप रोग्याच्या उशाशीं बसून पाहिला आणि त्याच्या रक्ताचा थेंब कांचेवर घेऊन सूक्ष्मदर्शक यंत्राखालीं वाचला. त्याचें नांव डॉ. हेन्री व्हॅनडाइक कार्टर.

आम्ही वैद्य नव्हों. पस्तीस वर्षें शाळेंत संस्कृत शिकविण्यांत गेलीं. तेव्हां शास्त्रीय सिद्धांतांची परीक्षा करण्याचा अधिकार आम्ही सांगत नाहीं. परंतु साधनांची परीक्षा हें इतिहासाचें काम आहे, आणि कार्टरांचें कार्य हें महाराष्ट्राच्या इतिहासाचें एक दुर्लक्षित साधन आहे असें आमचें मत झालें आहे. म्हणून त्यांच्या संशोधनाचा हा वृत्तांत वाचकांस सादर करितों.

(२)

कार्टरांचा जन्म इंग्लंडांतील हल या शहरीं २२ मे १८३१ रोजीं झाला. वडील हेन्री बार्लो कार्टर हे चित्रकार होते, आणि चित्रकलेचा हात मुलास घरींच मिळाला. लंडनच्या सेंट जॉर्जेस हॉस्पिटलांत वैद्यकाचें शिक्षण घेतल्यावर १८५३ पासून सुमारें दोन वर्षें त्यांनीं तेथील रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्स या संस्थेंत रिचर्ड ओवेन आणि जॉन क्वेकेट यांच्यापाशीं अभ्यास केला. क्वेकेट हे सूक्ष्मदर्शक यंत्राच्या विद्येंतील नामांकित जाणकार. चित्रकाराचा हात आणि सूक्ष्मदर्शकाचा डोळा अशीं दोन साधनें कार्टरांस तारुण्यांतच लाभलीं, आणि पुढील सारें कार्य त्यांनीं याच दोहोंच्या बळावर केलें.

त्यांच्या पहिल्या कामाचें फळ जगानें पाहिलें, परंतु तें दुसऱ्याच्या नांवानें. हेन्री ग्रे यांचा शारीरशास्त्रावरील विख्यात ग्रंथ १८५८ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांतील ३६३ आकृति कार्टरांनीं काढलेल्या होत्या. छापावयाच्या लाकडी ठशांवर त्यांनीं त्या स्वतः, डाव्या-उजव्याची उलटापालट करून, रेखाटल्या. अवयवाचें नांव त्या अवयवावरच लिहावें, वाचकास टीपा धुंडाळावयास लावूं नये, ही या आकृतींची सोय विद्यार्थ्यांस फार उपकारक झाली. या श्रमाबद्दल कार्टरांस एकदांच १५० पौंड मिळाले. ग्रे यांस मात्र प्रतींच्या खपावर मोबदला मिळत राहावा असा करार होता. मुद्रितें तपासतांना ग्रे यांनीं मुखपृष्ठावरील कार्टरांच्या नांवाचा टाइप लहान करविला, ही हकीकतही आतां सर्वश्रुत झाली आहे. ग्रे यांस त्या कीर्तीचा उपभोग फार काळ घेतां आला नाहीं. १८६१ सालीं देवीच्या रोगानें आजारी पडलेल्या पुतण्याची शुश्रूषा करितांना त्यांस तोच रोग जडला आणि वयाच्या अवघ्या ३४ व्या वर्षीं ते वारले. ग्रंथाच्या नव्या आवृत्त्या अजूनही निघत आहेत.

पुस्तक बाहेर पडलें त्याच वर्षीं कार्टर मुंबई इलाख्याच्या वैद्यकीय नोकरींत दाखल होऊन हिंदुस्थानांत आले होते. येथें त्यांनीं तीस वर्षें काढलीं. ग्रे यांच्या ग्रंथाच्या आकृति हें दोन वर्षांचें काम, मुंबई इलाख्यांतील संशोधन हें तीस वर्षांचें. तरी पहिल्याविषयीं ग्रंथ लिहिले जातात आणि दुसऱ्याविषयीं ज्या भूमींत तें घडलें तेथेंही फारसें कोणी बोलत नाहीं.

(३)

मुंबईंत त्यांची नेमणूक ग्रँट मेडिकल कॉलेजांत शारीरशास्त्र व इंद्रियविज्ञान या विषयांचे अध्यापक म्हणून झाली. हें कॉलेज १८४५ सालीं निघालें. ज्यांच्या शिलालेखसंशोधनामुळें इतिहासाचे अभ्यासक ज्यांस ओळखतात ते डॉ. भाऊ दाजी लाड १८५१ सालीं तेथील पहिल्या तुकडींत पदवीधर होऊन बाहेर पडले होते. कॉलेजास लागूनच जमशेटजी जीजीभाई यांचें रुग्णालय. तेथें कोंकणांतून, घाटावरून, गुजराथेंतून रोगी येत. त्यांत पाय सुजून विद्रूप झालेले शेतकरी असत. तळपायास गांठी येत, त्या फुटत, आणि पुवाबरोबर वाळूसारखे किंवा माशाच्या गाबोळीसारखे बारीक कण बाहेर पडत. रोग वर्षानुवर्षें चाले, हाड पोखरी, आणि शेवटीं पाय कापण्यावांचून गति नसे. सुश्रुतानें क्षुद्ररोगांत तळहात, तळपाय व सांधे यांवर वारुळासारख्या वाढणाऱ्या ‘वल्मीक’ नामक विकाराचें वर्णन केलें आहे, त्याची येथें आठवण होते. परंतु दोन्ही रोग एकच, असें केवळ वर्णनाच्या साम्यावरून म्हणणें धाडसाचें होईल.

मद्रास इलाख्यांत हा विकार ‘मदुरेचा पाय’ म्हणून ठाऊक होता. त्याचें कारण हाडांत असावें असें कित्येकांस वाटे. कार्टरांनीं ते कण सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिले आणि १८६० सालीं मुंबईच्या वैद्यकीय सभेच्या नियतकालिकांत असें मांडलें कीं, हा बुरशीपासून होणारा रोग आहे. ‘मायसेटोमा’ हें आज सर्व जगांत रूढ असलेलें नांव त्यांनींच दिलें. काळ्या कणांचा एक प्रकार आणि फिकट कणांचा दुसरा, हा भेदही त्यांनीं केला. पुढील संशोधनानें असें ठरलें कीं, काळे कण खऱ्या बुरशीचे असतात आणि फिकट कणांपैकीं पुष्कळसे बुरशीसारख्या तंतुमय जंतूंचे. म्हणजे कारण पुरतें कळण्याच्या कितीतरी आधीं केवळ नजरेनें केलेली ही विभागणी टिकली.

त्यांचें सर्वच टिकलें असें नव्हे. त्यांनीं धाडलेल्या नमुन्यावर उगवलेल्या एका बुरशीस बर्कले नामक इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञानें कार्टरांचें नांव दिलें, परंतु ती बुरशी या रोगाचें कारण नव्हे असें पुढें निष्पन्न झालें. या रोगावरील स्वतंत्र ग्रंथ त्यांनीं १८७४ सालीं छापला. अनवाणी चालणाऱ्या, कांट्याकुट्यांत काम करणाऱ्या माणसाचा हा रोग इतका उपेक्षित राहिला कीं, जागतिक आरोग्य संघटनेनें तो आपल्या दुर्लक्षित रोगांच्या यादींत २०१६ सालीं घेतला. कार्टरांच्या निबंधानंतर १५६ वर्षांनीं!

१८६३ ते १८७२ हीं वर्षें त्यांनीं साताऱ्यास सिव्हिल सर्जन म्हणून घालविलीं. छत्रपतींचें राज्य खालसा होऊन तेव्हां पुरतीं वीस वर्षेंही झालीं नव्हतीं. मुंबईंत त्यांनीं रोग्यास रुग्णालयांत आलेला पाहिला होता. साताऱ्यास तो ज्या गांवांतून, ज्या घरांतून येतो तें गांव आणि तें घर त्यांस जवळून दिसलें.

(४)

१८७२ सालीं रजा घेऊन ते युरोपांत गेले आणि नॉर्वे देशांत जाऊन कुष्ठरोगाचा अभ्यास करूं लागले. नॉर्वेंत त्या काळीं हा रोग पुष्कळ होता, आणि १८५६ पासून तेथील सरकारनें रोग्यांची नोंदवही ठेवली होती. बर्गेन येथील आर्मौअर हॅन्सेन यांस १८७३ सालीं रोग्याच्या गांठींत सूक्ष्म काड्यांसारखे जंतु आढळले, तो हाच काळ. कार्टरांनीं नॉर्वेचा रोग व तेथील रुग्णाश्रम यांवरील आपला वृत्तांत १८७४ सालीं प्रसिद्ध केला, आणि परत आल्यावर काठेवाडांतील कुष्ठरोगाची पाहणी करून तिचाही अहवाल दिला. त्याच १८७४ सालीं डॉ. भाऊ दाजी वारले. त्यांनींही कडू कवठाच्या तेलानें याच रोगावर उपचार करून पाहिले होते. एकाच शहरांत एकाच रोगाशीं दोन बुद्धिमान पुरुष झगडत होते, एक औषधाच्या वाटेनें आणि दुसरा कारणाच्या वाटेनें.

येथें एक गोष्ट न लपवितां सांगितली पाहिजे. नॉर्वेच्या अनुभवावरून कार्टर रोग्यांस वेगळें ठेवण्याच्या मताचे झाले. रोग संसर्गजन्य आहे हें त्यांचें म्हणणें खरें ठरलें. परंतु वेगळें ठेवण्याच्या मतास हिंदुस्थानांत कायद्याचें रूप आलें तें १८९८ च्या अधिनियमानें, आणि निराधार रोग्यास पकडून आश्रमांत घालण्याची सत्ता त्यानें पोलिसांस दिली. त्या कायद्याचे कर्ते कार्टर नव्हेत, कारण तो होण्यापूर्वींच ते वारले होते. तरी त्या विचारसरणीचे ते एक पुरस्कर्ते होते हें नाकारतां येत नाहीं. तो कायदा औपचारिकपणें रद्द व्हावयास २०१६ साल उजाडलें. संशोधकाचें निरीक्षण खरें असूनही त्यावर उभारलेली व्यवस्था क्रूर होऊं शकते, हें इतिहासकारानें विसरूं नये.

(५)

आतां धाता संवत्सराकडे वळूं. १८७७ सालीं घाटावरील दुष्काळपीडित लोक मुंबईकडे लोटले, कोणी पायीं, कोणी आगगाडीनें. बोरघाटांतील लोहमार्ग १८६३ सालीं व थळघाटांतील १८६५ सालीं खुला झाला होता. दोन्ही मार्ग कल्याणास मिळून ठाणें, भांडुप, कुर्ला असे मुंबईस जातात. आम्ही राहतों तें घाटकोपर याच वाटेवर आहे. आज येथें गाड्यांची ये-जा क्षणभर थांबत नाहीं आणि तसूभर जागा मोकळी नाहीं. १८७७ सालीं हा भाग ठाणें जिल्ह्यांतील साष्टी तालुक्यांत मोडे, आणि येथें भाताचीं खाचरें व खाडीकडे मिठागरें होतीं. या खाचरांच्या कडेनें त्या वर्षीं जीं माणसें मुंबईकडे गेलीं त्यांच्या संगतीनें आणखी कोण चाललें होतें, हें कळावयास पुढें तीस वर्षें लागलीं.

मुंबईंत तापाची मोठी सांथ उठली. या तापाची चाल विलक्षण होती. एकाएकीं हींव भरून ताप येई, डोकें व अंग ठणके, पाणथरी वाढे. पांच ते सात दिवस ताप सारखा राही, आणि मग एकाएकीं घाम सुटून उतरे. रोगी उठून बसे, खाऊं लागे, घरीं जाण्याच्या गोष्टी बोले. सुमारें आठवड्यानें तोच ताप उलटे. कित्येक दुसऱ्या फेऱ्यांतून उठत, कित्येक पहिल्यांतच जात. चरकाच्या ज्वरचिकित्सेंत ‘पुनरावर्तक’ ज्वराचा विचार आहे. बळ येण्यापूर्वीं अपथ्य केल्यानें गेलेला ज्वर परत येतो असें तेथें सांगितलें आहे. परंतु मुंबईंतील हा ताप पथ्यानें राहणाऱ्यासही उलटे.

बर्लिन येथील ओटो ओबरमायर यांस १८६८ सालींच अशा तापाच्या रोग्यांच्या रक्तांत मळसूत्रासारखे वळलेले, सारखे हालणारे बारीक तंतु दिसले होते. त्यांनीं तें १८७३ सालीं प्रसिद्ध केलें आणि त्याच वर्षीं पटकीनें त्यांचा अंत झाला. हिंदुस्थानांतील ताप तोच कीं निराळा, याविषयीं येथील वैद्यांत एकमत नव्हतें. कार्टर त्या वेळीं गोकुळदास तेजपाल रुग्णालयांत होते. १८७७ सालीं त्यांनीं दुष्काळी रोग्यांचें रक्त तपासलें आणि तेच वळलेले तंतु त्यांस दिसले. हिंदुस्थानांत तें प्रथमच दिसलें. एवढ्यावर ते थांबले नाहींत. एकाच रोग्याचें रक्त दिवसामागून दिवस पाहून तापाचा तक्ता आणि रक्तांतील तंतु यांचा मेळ त्यांनीं घातला. ताप असतां तंतु सांपडत, ताप उतरल्यावर ते नाहींसे होत, आणि ताप उलटण्याच्या सुमारास पुन्हां दिसूं लागत. तरीही हे तंतु तापाचें कारण कीं केवळ सोबती, ही शंका उरतेच. ती फेडण्याकरितां त्यांनीं रोग्याचें रक्त वानरांस टोंचलें. वानरांस ताप आला आणि त्यांच्या रक्तांत तेच तंतु दिसले.

या सर्व कामाचा ग्रंथ १८८२ सालीं लंडनमध्यें छापला गेला. त्याचें मुख्य नांव तंतूवरून ठेवलें आहे, ‘स्पायरिलम फीव्हर’. परंतु त्याखालीं पर्यायनामें दिलीं आहेत तीं आमच्या दृष्टीनें फार महत्त्वाचीं. पहिलें ‘दुष्काळी ताप’ आणि दुसरें ‘उलटणारा ताप’, आणि पुढें ‘पश्चिम हिंदुस्थानांत दिसला तसा’. ज्या सरकारच्या मृत्युपत्रकांत दुष्काळास रकाना नव्हता, त्याच सरकारच्या एका वैद्यकीय अधिकाऱ्यानें आपल्या ग्रंथाच्या मुखपृष्ठावर ताप आणि दुष्काळ हे दोन शब्द एकत्र छापले.

(६)

येथें आपण आरंभींच्या वादाशीं आलों. कार्टरांच्या शोधानें कोणता पक्ष जिंकला? वरवर पाहतां दुसरा. तापाचें बीज सांपडलें, भूक हें रोगाचें बीज नव्हे असें ठरलें. परंतु बीज एका देहांतून दुसऱ्यांत कसें जातें हें कार्टरांस कळलें नव्हतें, आणि निकालाची किल्ली तेथेंच होती. ती किल्ली महाराष्ट्रांतच सांपडली.

इ. स. १९०७ मध्यें नाशिक येथील एका मिशनच्या वसाहतींत हा ताप उद्भवला. पर्सिव्हल मॅकी नामक वैद्यकीय अधिकाऱ्यानें तेथील मुलांची पाहणी केली. मुलगे आणि मुली निरनिराळ्या जागीं राहत. मुलग्यांत ताप फार होता व त्यांच्या अंगावर उवाही फार होत्या. मुलींत दोन्ही कमी. पुढें मुलींत उवा वाढल्या तसा तापही वाढला. उवांचीं पोटें तपासतां त्यांत तेच वळलेले तंतु वाढत असलेले दिसले. अंगावरील, वस्त्रांत राहणारी ऊ ही या तापाची वाहक होय असें अशा रीतीनें पुढें आलें. कांहीं वर्षांनीं ट्यूनिस येथें शार्ल निकोल व त्यांचे सहकारी यांनीं त्यावर शेवटचा हात फिरविला. ऊ चावल्यानें नव्हे, तर खाजवितांना ती चिरडून तिचा रस ओरखड्यांतून देहांत शिरल्यानें ताप जडतो असें त्यांनीं दाखविलें.

आतां घाटावरून निघालेल्या त्या माणसाकडे पुन्हां पाहूं. घरांतील भांडीं विकलीं, गुरें गेलीं, अंगावर एकच वस्त्र उरलें. तें धुवावें तर पाणी नाहीं आणि बदलावें तर दुसरें नाहीं. दुष्काळी कामावर, धर्मशाळेंत, आगगाडीच्या डब्यांत, शहराच्या एकाच कोठडींत दहा-दहा जण अंगास अंग लावून निजलेले. उवांस याहून चांगला मुलूख कोणता? पोटांत अन्न नसलेल्या देहास सात दिवसांचा ताप सोसवेना, आणि सोसला तर उलटलेला ताप सोसवेना. म्हणजे तापाचें बीज मळसूत्री तंतु हें खरें, बीज पेरणारी ऊ हेंही खरें, आणि शेत नांगरून ठेविलें तें दुष्काळानें व एक पौंड धान्याच्या हिशेबानें, हेंही तितकेंच खरें. ‘ताप कीं भूक’ असा प्रश्न करणें हीच मूळ चूक होय. पहिल्या पक्षानें तापास केवळ बहाणा म्हणूं नये, आणि दुसऱ्यानें रोगबीज सांपडलें म्हणून राज्यकर्त्यांस निर्दोष ठरवूं नये. सार्वजनिक सभेचीं निवेदनें आणि कार्टरांचे तक्ते हीं एकाच घटनेचीं दोन साधनें आहेत, आणि आजवर तीं दोन निरनिराळ्या कपाटांत पडून राहिलीं आहेत.

हिंदुस्थानांतील या तंतूस कांहीं काळ कार्टरांचें नांव चालत होतें. पुढें हा जंतु व युरोपांतील जंतु एकच असें मानलें जाऊन तें नांव मागें पडलें. आज हा रोग मुख्यतः इथिओपिया व त्याच्या आसपासच्या प्रदेशांत उरला आहे. युद्ध, दुष्काळ आणि निर्वासितांची दाटी जेथें आहे तेथें तो आहे.

(७)

ग्रंथ छापून झाल्यावर कार्टर पन्नाशींत होते. त्यांनीं ग्रँट मेडिकल कॉलेजाचें प्राचार्यपदही सांभाळलें. परंतु सूक्ष्मदर्शक सुटला नाहीं. १८८७ सालीं मुंबईंत एका उंदराच्या रक्तांत त्यांस दुसराच एक अगदीं आंखूड मळसूत्री जंतु दिसला. त्यांनीं त्याचें वर्णन छापून ठेविलें. त्याचा मनुष्याशीं कांहीं संबंध आहे असें तेव्हां कोणासही ठाऊक नव्हतें. १९१५ च्या सुमारास जपानांत फुताकी व त्यांचे सहकारी यांनीं उंदीर चावल्यानें येणाऱ्या एका तापाचें कारण शोधून काढलें तेव्हां तो जंतु हाच असें ठरलें.

त्याच सुमारास हिंवतापाच्या रोग्यांच्या रक्ताविषयींचा त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. आपल्या वैद्यकांतील विषमज्वराचे संतत, सतत, अन्येद्युष्क, तृतीयक व चतुर्थक हे भेद संस्कृत वाचकांस परिचित आहेत. ताप कोणत्या दिवशीं येतो यावरून केलेली ही विभागणी निरीक्षणाच्या दृष्टीनें फार मार्मिक आहे, पण ताप ठराविक दिवशींच कां येतो हें त्यावरून कळत नाहीं. फ्रेंच लष्करी वैद्य लॅव्हरां यांस १८८० सालीं अल्जेरियांत हिंवतापाच्या रोग्याच्या रक्तांत एक परोपजीवी प्राणी दिसला. पुष्कळांनीं त्यावर विश्वास ठेविला नाहीं. कार्टरांनीं मुंबईंत स्वतः शोधून तो पाहिला आणि त्याचें वर्णन केलें. हिंदुस्थानांत लॅव्हरांच्या शोधास मिळालेला हा पहिला दुजोरा होय. त्यानंतरही कांहीं वर्षें रोनाल्ड रॉस यांस हा प्राणी खरा वाटत नव्हता. १८९४ सालीं लंडनमध्यें पॅट्रिक मॅन्सन यांनीं तो दाखविला तेव्हां त्यांची खात्री पटली. जें मुंबईंत पाहून छापलें गेलें होतें तें पाहावयास हिंदुस्थानांतील वैद्यास लंडनास जावें लागलें!

१८८८ सालीं कार्टर निवृत्त होऊन इंग्लंडास परतले, आणि स्कारबरो येथें ४ मे १८९७ रोजीं क्षयरोगानें वारले. त्या वर्षीं मुंबईंत प्लेगचा कहर चालू होता, हाफकीन यांनीं जानेवारींत प्लेगची लस प्रथम स्वतःच्या देहावर घेतली होती, आणि कार्टर गेल्यावर साडेतीन महिन्यांनीं, २० ऑगस्ट रोजीं, रॉस यांस सिकंदराबाद येथें डांसाच्या जठरांत हिंवतापाचा प्राणी आढळला. कार्टरांनीं रक्तांत पाहिलेला तो प्राणी एका देहांतून दुसऱ्यांत कसा जातो याचें उत्तर तेथें मिळूं लागलें. तें ऐकावयास ते उरले नव्हते.

(८)

कार्टरांच्या कार्यांतून इतिहासाच्या अभ्यासकानें काय घ्यावें? आमच्या शास्त्रांत प्रत्यक्ष, अनुमान व शब्द हीं प्रमाणें सांगितलीं आहेत. कार्टरांनीं बहुतेक ठिकाणीं प्रत्यक्षाची मर्यादा ओलांडली नाहीं. जें दिसलें तें रेखाटलें, आणि दिसलें नाहीं तें उद्यांच्या पाहणाऱ्यासाठीं मोकळें ठेविलें. उंदराच्या रक्तांतील जंतूचा उपयोग कळत नव्हता म्हणून तो त्यांनीं टाकून दिला नाहीं. जुन्या दप्तरांतील अर्थ न लागणारी ओळ जशीच्या तशी उतरून ठेवणाऱ्या संशोधकाचा हाच धर्म आहे. उलट, नमुन्यावर उगवलेल्या बुरशीस कारण मानण्याची चूक घडली तेथें ती दुसऱ्यांनीं दाखविली, आणि शास्त्र पुढें गेलें. मतभेदास भिऊन न छापलेल्या टिपणापेक्षां छापलेली चूक बरी.

एक उणीव मात्र मनास सलते. ग्रे यांनीं कार्टरांचें नांव लहान टाइपांत छापलें याची चर्चा होते, आणि ती योग्यच आहे. परंतु ज्या माणसांच्या बोटांतून तो रक्ताचा थेंब निघाला त्यांचीं नांवें कोणत्याच टाइपांत नाहींत. पुणें, सातारा, नगर, सोलापूर या जिल्ह्यांतून आलेल्या त्या मराठी माणसांनीं जगाच्या वैद्यकास जें दिलें तें कोणीं मागितलें नव्हतें आणि त्याबद्दल त्यांस कांहीं मिळालेंही नाहीं.

त्या माणसांचा माग अजूनही कांहीं अंशीं लागूं शकेल असें आम्हांस वाटतें. जुन्या घराण्यांच्या रोजकीर्दींत, गांवच्या जोश्यांच्या टिपणांत, मुंबईस गेलेल्या भावानें घरीं धाडलेल्या पत्रांत शके १७९८ व १७९९ या दोन वर्षांच्या नोंदी सांपडतात. त्यांत ‘ताप आला’, ‘उतरला’, ‘पुन्हां उलटला’ अशीं वाक्यें आढळल्यास तीं क्षुल्लक म्हणून सोडूं नयेत. तिथि, गांव, किती दिवसांनीं ताप उतरला व किती दिवसांनीं उलटला, एवढें उतरून घेतलें तरी कार्टरांच्या तक्त्यांशीं तें ताडून पाहतां येईल, आणि मृत्युपत्रकांतील ‘ताप’ या एका शब्दाखालीं दडलेल्या माणसांपैकीं कांहींचीं तरी नांवें व गांवें परत मिळतील. ज्यांच्या संग्रहीं असे कागद असतील त्यांनीं ते तपासावेत आणि आढळलेला मजकूर मंडळाच्या नजरेस आणावा, एवढी विनंति करून हा लेख येथें संपवितों.